जमेचे तास आणि उपयोगाचे तास

आमच्या भागात, म्हणजे डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरांत, अकरावी-बारावीतल्या बऱ्याच मुलांकडे दोन ओळखपत्रं असतात. एक हायस्कूलचं, दुसरं जवळच्या कम्युनिटी कॉलेजचं. मूल बसतं हायस्कूलच्याच वर्गात, शिकवतात बहुतेकदा हायस्कूलचेच शिक्षक, पण विषय कॉलेजचा. त्याचे गुण दोन्हीकडे नोंदले जातात. याला इथे ड्युअल क्रेडिट म्हणतात. शिकवणारे हायस्कूलचे असले तरी कोणीही चालत नाही. त्यांच्याकडे मास्टर्स पदवी आणि त्या विषयाचे पदव्युत्तर पातळीवरचे निदान १८ तास लागतात. आमच्या मुलीला इतिहास शिकवणाऱ्या बाईंनी तर कॉलेजातही वर्षानुवर्षं शिकवलं होतं.

दुसरा रस्ता एपीचा. वर्षभर शाळेत वरच्या पातळीचा विषय शिकायचा, मे महिन्यात कॉलेज बोर्डाची परीक्षा द्यायची आणि १ ते ५ मधला एक आकडा मिळवायचा. १९५०च्या दशकापासून ही परीक्षा चालू आहे. ड्युअल क्रेडिटमध्ये सेमिस्टरभराच्या कामाचे गुण मिळतात, एपीत सगळी मदार एका दिवसाच्या पेपरवर. आमच्या मुलीनं दोन्ही केलं, कारण तिच्या वर्गातली सगळीच मुलं दोन्ही करत होती.

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत बारावीतल्या मुलांच्या आईबापांना पूर्वी ‘एसएटीला किती पडले?’ असं विचारायचे. आता ‘किती क्रेडिट्स झाले?’ असं विचारतात. कोणी म्हणतं चाळीस, कोणी साठ. एका गृहस्थांच्या मुलानं हायस्कूल संपायच्या आधी कॉलेजची दोन वर्षांची असोसिएट पदवी घेतली. टेक्सासमध्ये त्याचंही आता फारसं नवल राहिलेलं नाही. आकडा ऐकला की माणूस मनात भागाकार करतो : पदवीला १२० तास, म्हणजे साठ झाले तर निम्मी पदवी, म्हणजे दोन वर्षांची फी वाचली. मीही हाच भागाकार केला होता. पदवीच्या अभ्यासक्रमाची आखणी या हिशेबाला बांधलेली नसते, हे मुलगी विद्यापीठात गेल्यावर कळत गेलं.

तिची जमा अशी होती. ड्युअल क्रेडिटमधून इंग्रजी १३०१ आणि १३०२, अमेरिकन इतिहास १३०१ आणि १३०२, गव्हर्नमेंट २३०५ आणि २३०६, अर्थशास्त्र २३०१, मानसशास्त्र २३०१ आणि फिजिक्स १४०१. एपीतून कॅल्क्युलस बीसी, म्हणजे दोन सेमिस्टरचं कॅल्क्युलस, आणि कॉम्प्युटर सायन्स. सगळं मिळून ३९ तास. ‘तास’ म्हणजे सेमिस्टर अवर. आठवड्याला तीन तास चालणारा सेमिस्टरभराचा विषय तीन तासांचा धरतात.

हे चार आकडी क्रमांक नीट वाचायला शिकावं, फार उपयोगी आहेत. टेक्सासची सगळी कम्युनिटी कॉलेजेस एकच क्रमांकपद्धत वापरतात. पहिला आकडा विषय कितव्या वर्षाचा ते सांगतो, दुसरा किती तासांचा ते. फिजिक्स १४०१ म्हणजे पहिल्या वर्षाचा, चार तासांचा विषय. इंजिनिअरिंगला लागतं ते फिजिक्स २४२५. तेही चार तासांचंच, पण दुसऱ्या वर्षाच्या पातळीचं आणि कॅल्क्युलसवर आधारलेलं. १४०१ मध्ये बीजगणित आणि त्रिकोणमितीवर भागतं. दोन्हीत न्यूटनचे तेच तीन नियम, दोन्हीत प्रयोगशाळा. पण मुलीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जायचं होतं आणि त्या विभागाच्या लेखी १४०१ नसल्यातच जमा. गणितातही हीच गत. मॅथ १३२५ हे वाणिज्य शाखेचं कॅल्क्युलस, २४१३ इंजिनिअरिंगचं. एपीतही फिजिक्स १ आणि फिजिक्स सी यांत हाच फरक आहे. वरून नाव पाहिलं तर दोन्ही फिजिक्सच.

तिच्या हायस्कूलमध्ये ड्युअल क्रेडिटला फक्त १४०१ होतं. तिनं काउन्सेलरना विचारलं, ‘हे ट्रान्सफर होईल ना?’ त्या म्हणाल्या, ‘हो, होईल.’ उत्तर शंभर टक्के खरं होतं. ते ट्रान्सफर झालंच.

विद्यापीठ टेक्सासमधलंच एक मोठं सरकारी होतं. प्रवेश ठरल्यावर काही आठवड्यांनी तिच्या खात्यावर ट्रान्सफरचा अहवाल दिसू लागला. एकूण एक विषयासमोर ‘स्वीकृत’. राज्याच्या कायद्यानं सामायिक अभ्यासक्रम ४२ तासांचा ठरवून दिलेला आहे. त्यातले विषय एका सरकारी संस्थेत झाले की दुसऱ्या सरकारी संस्थेला ते मान्य करावेच लागतात. एपीचंही तसंच. २०१५च्या कायद्यानं इथल्या सरकारी विद्यापीठांना ३ गुणांवरही खालच्या वर्षांच्या विषयाचं क्रेडिट द्यावं लागतं. त्याहून जास्त गुण हवेत असं म्हणायचं, तर त्याला पुराव्याचा आधार दाखवावा लागतो. म्हणजे स्वीकारण्याच्या बाबतीत टेक्सासचा विद्यार्थी सुखी आहे. आम्ही त्या संध्याकाळी बाहेर जेवायला गेलो.

मग तिनं दुसरं पान उघडलं, त्याचं नाव डिग्री ऑडिट. पदवीला लागणाऱ्या विषयांची यादी तिथे असते आणि जमा झालेला प्रत्येक विषय कुठल्या रकान्यात बसला ते दिसतं. इतिहासाचे सहा तास बसले. गव्हर्नमेंटचे सहा बसले. हे बारा तास राज्यातल्या प्रत्येक सरकारी विद्यापीठाच्या पदवीला कायद्यानंच लागतात, मग तुम्ही व्हायोलिन शिका की पेट्रोलियम इंजिनिअरिंग. म्हणून ते ड्युअल क्रेडिटमधून उरकणं हा सगळ्यात बिनघोर सौदा. गव्हर्नमेंटच्या बाबतीत तर एपीपेक्षा ड्युअल क्रेडिटच बरं, कारण २३०६ मध्ये टेक्सासची राज्यघटना येते आणि एपीच्या देशभर चालणाऱ्या पेपरात तिचा मागमूस नसतो. एपीवाल्यांना टेक्सासच्या भागासाठी आणखी काहीतरी करावं लागतं.

इंग्रजी १३०१ बसलं. १३०२ बसलं नाही, कारण त्या विभागाला लेखनाचा दुसरा विषय तांत्रिक लेखनाचाच हवा होता. समाजशास्त्रांसाठी रकाना एकच होता, त्यात अर्थशास्त्र गेलं आणि मानसशास्त्र बाहेर राहिलं. फिजिक्सचं वर सांगितलंच. बाहेर राहिलेले विषय पानाच्या तळाशी ‘इलेक्टिव्ह’ या मथळ्याखाली गोळा झाले होते. इतिहास किंवा इंग्रजी घेणाऱ्या मुलांच्या पदवीत अशा मोकळ्या तासांना भरपूर जागा असते. इंजिनिअरिंगच्या आराखड्यात ती जवळजवळ नसते. ३९ पैकी १० तास असे बसून राहिले. ट्रान्सक्रिप्टवर ते आयुष्यभर राहतील, पण पदवी त्यांनी एका दिवसानंही जवळ आली नाही.

हे मला आधीपासून माहीत असायला हवं होतं असं लोकांना वाटेल, कारण मी स्वतः डिप्लोमावाला. सोलापूरला पॉलिटेक्निक करून पुण्यात इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला आलो. महाराष्ट्रातली थेट द्वितीय वर्षाची सोय म्हणजे एका अर्थी क्रेडिट ट्रान्सफरच. तीन वर्षांच्या डिप्लोम्याचं अख्खं एक वर्ष पदवीत वळतं. फरक असा की आपल्याकडे ते घाऊक होतं. कोणी विषयवार तपासत बसत नाही. पहिलं वर्ष माफ, एवढंच. आणि म्हणूनच आमच्यासारख्यांची गाठ एकदम एम-थ्रीशी, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरशी, पडायची. बारावीवरून आलेली मुलं एम-वन, एम-टू करून आलेली. आम्ही वर्कशॉपमध्ये हुशार, यंत्रं उघडून जोडणारे, आणि लाप्लास ट्रान्सफॉर्मच्या पहिल्या तासाला तोंडाकडे बघत बसलेले. वर्ष वाचलं होतं हे खरं. त्याची भरपाई वसतिगृहात रात्री जागून करावी लागली.

म्हणून कॅल्क्युलसचा प्रश्न आला तेव्हा माझं मत तयार होतं. एपीत तिला बीसीला ५ मिळाले होते. म्हणजे दोन्ही सेमिस्टरचं कॅल्क्युलस, आठ तास, माफ होऊ शकत होतं आणि ती पहिल्याच सेमिस्टरला तिसऱ्या कॅल्क्युलसला बसू शकत होती. या विद्यापीठात एपीचं क्रेडिट आपोआप लागत नाही, विद्यार्थ्यानं मागावं लागतं आणि एकदा मागितलं की परत देता येत नाही. ही तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. तिच्या मैत्रिणींनी सगळं मागून टाकलं. मी तिला म्हटलं, दुसऱ्या सेमिस्टरचं कॅल्क्युलस, मालिका, इंटिग्रेशनच्या क्लृप्त्या, हे पुन्हा कर. इंजिनिअरिंगचं पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

‘बाबा, तुम्ही लोक क्रेडिट मिळव म्हणता आणि मिळालं की घेऊ नको म्हणता,’ ती म्हणाली.

तिचं म्हणणं बरोबर होतं, माझंही बरोबर होतं. तिनं विभागाच्या संकेतस्थळावरून कॅल्क्युलस टूचा जुना अंतिम पेपर काढून सोडवला आणि मग स्वतःच ठरवलं : पहिल्याचं क्रेडिट घेतलं, दुसरं वर्गात बसून केलं. म्हणजे आणखी चार तास गेले. उपयोगाचे राहिले २५. जुना पेपर सोडवून ठरवण्याची तिची रीत मात्र माझ्या अनुभवाच्या गोष्टींपेक्षा बरी होती. ज्याला त्याला मी हल्ली तीच सांगतो.

आता पैशांचं. पंचवीस तास म्हणजे जवळजवळ दोन सेमिस्टर, म्हणजे एका वर्षाची फी वाचली असं वाटेल. तसं झालं नाही. बऱ्याच मोठ्या विद्यापीठांत पूर्णवेळ विद्यार्थ्याची फी सेमिस्टरमागे ठोक असते. बारा तास घ्या की सतरा, आकडा तोच. विषय कमी झाले म्हणून फी कमी होत नाही. अख्खं सेमिस्टर गळालं तरच पैसे वाचतात. आणि इंजिनिअरिंगमध्ये सेमिस्टर गळणं अवघड, कारण विषय एकामागून एक लागतात. फिजिक्सशिवाय सर्किट्स नाही, सर्किट्सशिवाय पुढची प्रयोगशाळा नाही, तिच्याशिवाय शेवटच्या वर्षाचा प्रकल्प नाही. साखळीची लांबी सात-आठ सेमिस्टर असेल तर इतिहास-गव्हर्नमेंट आधी उरकल्यानं ती आखूड होत नाही. साखळीच्या सुरुवातीची कडी, म्हणजे कॅल्क्युलस किंवा २४२५चं फिजिक्स, आधी झाली तरच काही फरक पडतो. आमच्या ओळखीत तीन वर्षांत पदवी घेतलेली जी मुलं आहेत ती अर्थशास्त्र, मानसशास्त्र, वाणिज्य असल्या शाखांची. इंजिनिअरिंगचा तसा मुलगा मी अजून पाहिलेला नाही.

फायदा झाला तो वेगळ्याच ठिकाणी. विषयांची नोंदणी कोणी आधी करायची ते तासांवर ठरतं. ज्याचे तास जास्त त्याची खिडकी आधी उघडते. तळाशी पडलेले ते बिनकामाचे दहा तास इथे मात्र धरले गेले. पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सेमिस्टरला तिचा क्रमांक दुसऱ्या वर्षाच्या मुलांत लागला. हवे ते प्राध्यापक आणि हव्या त्या वेळा मिळाल्या, सकाळी आठची लॅब टळली. शिवाय इतर मुलं सहा विषयांखाली वाकलेली असताना तिनं चार-चार विषय नीट केले. याची किंमत डॉलरात सांगता येत नाही, पण ती कमी नाही.

कागदपत्रांचाही एक भाग आहे. तो कंटाळवाणा असला तरी सांगायला हवा. ड्युअल क्रेडिटचे गुण हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर दिसतात, म्हणून आई-बाप निश्चिंत राहतात. विद्यापीठाला तो कागद प्रवेशापुरता पुरतो, क्रेडिटसाठी नाही. क्रेडिट देणारी संस्था कॉलेज, तेव्हा ट्रान्सक्रिप्ट कॉलेजचं हवं, तेही कॉलेजकडून थेट गेलेलं आणि शेवटच्या सेमिस्टरचे गुण चढल्यानंतर मागवलेलं. घाईनं मे महिन्याच्या सुरुवातीला मागवलेल्या ट्रान्सक्रिप्टवर शेवटचे विषय ‘चालू’ असेच दिसतात. एपीचे गुण कॉलेज बोर्डाकडून जातात. दर वर्षी एका संस्थेला ते फुकट पाठवता येतात, पण जूनमधल्या ठरलेल्या तारखेच्या आत तिचं नाव कळवावं लागतं. नंतर प्रत्येक वेळी पैसे. निकाल लागतो जुलैत आणि बऱ्याच मुलांचं ओरिएंटेशन असतं जूनमध्ये, म्हणजे पहिल्या सेमिस्टरचे विषय निवडायचे ते एपीचे गुण हातात नसताना. अॅडव्हायझर विचारतात, ‘किती पडतील असं वाटतं?’ आणि मुलाच्या अंदाजावर वेळापत्रक बेतलं जातं.

एका कॉलेज-कचेरीनं आमचं ट्रान्सक्रिप्ट अडवून धरलं होतं. खात्यावर कसलीतरी किरकोळ बाकी निघत होती. मी फोन केला. पलीकडच्या बाईंनी मुलीचं नाव, जन्मतारीख सगळं लिहून घेतलं आणि गोड आवाजात सांगितलं, ‘सर, मी तुमच्याशी याबद्दल बोलू शकत नाही.’ मुलगी तेव्हा सतरा वर्षांची, माझ्या घरात राहणारी, माझ्या पैशांनी शिकणारी. पण १९७४च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे मूल उच्च शिक्षणाच्या संस्थेत गेलं की त्या संस्थेतल्या नोंदींवरचा हक्क त्याचा होतो, वय काहीही असो. हायस्कूल मला तिच्या गैरहजेरीचा मेसेज रोज पाठवणार, आणि त्याच इमारतीतल्या त्याच वर्गाबद्दल कॉलेज एक अक्षर सांगणार नाही. मी फोन मुलीकडे दिला. तिनं पाच मिनिटांत काम केलं. आमच्या पिढीतल्या बापांना, मुलांच्या अॅडमिशनच्या रांगेत स्वतः फाइल घेऊन उभं राहायची सवय असलेल्यांना, हे जड जातं. पण कायदा मला पटलेला आहे.

हे सगळं सरकारी विद्यापीठांचं. शेजारची मुलगी दुसऱ्या राज्यातल्या नावाजलेल्या खासगी विद्यापीठात गेली. तिथे तिच्या ड्युअल क्रेडिटसाठी हायस्कूलचं पत्र मागितलं : विषय कॉलेजच्या आवारात शिकवला का, वर्गात कॉलेजचे नेहमीचे विद्यार्थी होते का, आणि हे तास हायस्कूलच्या डिप्लोम्यासाठी धरलेले नाहीत ना? तिन्हींची उत्तरं तिच्या विरोधात गेली. ड्युअल क्रेडिटची तर व्याख्याच अशी की ते दोन्हीकडे धरलं जातं. दोन वर्षांच्या कामातून एक तासही जमा झाला नाही. खासगी विद्यापीठांना टेक्सासचा कायदा लागू नाही. डार्टमथनं तर २०१८ साली पदवी घेणाऱ्या वर्गापासून एपीचं क्रेडिट देणंच थांबवलं. वरचा विषय थेट घेऊ देतात, तास देत नाहीत. चार वर्षांची पूर्ण फी घेणाऱ्या संस्थेनं तास कमी का करावेत, हा हिशेब मला कळतो. पण त्यांचं म्हणणं निव्वळ पैशाचं आहे असं मी म्हणणार नाही. शाळेत केलेलं आणि कॉलेजात केलेलं यांत खरंच फरक पडतो, हे एम-थ्रीच्या वर्गात बसलेल्या माणसाला नाकारता येत नाही.

महाराष्ट्रातही आता क्रेडिटची भाषा आली आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर २०२१ मध्ये अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाली, विद्यार्थ्यांचे तास तिथे जमा होतात. पुण्यात शिकणारी माझी भाची मला म्हणाली, ‘मामा, माझे एवढे क्रेडिट्स झाले.’ मी तिला विचारलं, ‘कुठल्या पदवीच्या कुठल्या रकान्यात?’ तिला प्रश्न विचित्र वाटला असावा.

आमच्याकडे घरात आता दुसरा प्रश्न आहे. धाकटा दहावीत आहे आणि डॉक्टर व्हायचं म्हणतो. त्यासाठी मी चौकशी केली तेव्हा एक गोष्ट कळली. ती इथल्या मराठी घरांत फारशी बोलली जात नाही. वैद्यकीय महाविद्यालयांच्या अर्जात आयुष्यात केलेला कॉलेजचा प्रत्येक विषय दाखवावा लागतो, हायस्कूलमध्ये असताना केलेला ड्युअल क्रेडिटचाही. अर्जाच्या सरासरीत तो मोजला जातो. सोळाव्या वर्षी बास्केटबॉलच्या मोसमात घसरलेला बी, बाविसाव्या वर्षी डॉक्टरीच्या अर्जावर उभा असतो. एपीचा वाईट आकडा मात्र कुठेही न पाठवता सोडून देता येतो. शिवाय अनेक वैद्यकीय महाविद्यालयांना केमिस्ट्री, बायॉलॉजी हे मूळ विषय विद्यापीठातच केलेले हवे असतात, एपीचं क्रेडिट त्यांना पुरत नाही.

पुढच्या वर्षाचे विषय निवडायची मुदत गेल्या आठवड्यात संपली. काउन्सेलरनी त्याच्यासाठी ड्युअल क्रेडिटचे चार विषय सुचवले होते. त्यानं इतिहासाचे दोन ठेवले आणि केमिस्ट्री, बायॉलॉजी शाळेचंच साधं घेतलं. अर्जावर सही माझी लागते, ती मी केली.